पायलचे दोन डबे

मी बडबड्या माणूस. आमच्या पाथर्डी तालुक्यात लग्न असलं की माइक माझ्याच हातात. बायकोला माझे सगळे किस्से पाठ आहेत. हा सोडून. हा तिलाच काय, कुणालाच सांगितलेला नाही — आणि आता तो पोटात राहत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पायल आठवीत होती. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळीआधी बाप मला म्हणाला, "गुर्जी, इज्ञानाच्या परदर्शनात हिचा नंबर आला तर ठिवतो आत्याकडं, शिकंल. न्हाईतर संगं न्यावी लागंल. धाकट्याला कोन बघनार?"

प्रयोग तिच्याच डोक्यातला. दोन डबे. माती तीच, मटकी तीच, खिडकी तीच. फक्त एकाला स्वच्छ पाणी, दुसऱ्याला भांडी धुतलेलं. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं — मीच नाही का टेबलावर चढून, मिशी पिळत शिकवलं होतं? म्हणजे फरक पडलाच तर तो पाण्याचा.

फरक पडला नाही. ती उड्या मारत आली, "सर, दोनी सारखीच हायती!"

टँकरवर जगणारं आमचं गाव. भांड्यांच्या पाण्यावर रोप तितकंच वाढतं — याहून मोठं उत्तर मला कुठलं हवं होतं? पण मला ते फिकं वाटलं. सारखंच, तर लोक बघणार काय? पायलसाठी केलं, असं म्हणू? नको. मला स्टेजवर मीच दिसत होतो.

शनिवारी शाळा सुटली. पोरं पांगली. मी — सांगतो, सांगतो — खिचडीच्या खोलीतून मूठभर मीठ घेतलं, पाण्यात विरघळवलं आणि दुसऱ्या डब्यात ओतलं.

सोमवारी, प्रदर्शनाच्या दिवशी, त्या रोपांनी माना टाकल्या होत्या. मला वाटलं, आता पोरगी ठणकावून सांगेल, खरकट्या पाण्याने झाड मरतं. कसलं काय! ती खरं बोलली. "शनिवारपर्यंत दोनी सारखी हुती, सर."

"मग एकाएकी काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

तिने डब्यातली माती बोटाने उकरून पाहिली. "माजंच कायतरी चुकलं असंल."

परीक्षक माझ्याकडे वळले. तासभर मांडव हसवणारा मी — एक वाक्य तर बोलायचं होतं! बोललोही. "पोरंच ती साहेब, घालतात काहीतरी गोंधळ." सगळे हसले. दारात तिचा बाप उभा होता. तो हसला नाही.

ट्रक निघायच्या दिवशी ती शाळेत आली, धाकट्याला कडेवर घेऊन.

"सर, माज्यामुळं तुमचं नाव गेलं. माफ करा."

तेव्हा तरी सांगावंसं वाटलं का मला? वाटलं असेल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "असू दे, पोरी. होतं असं."

मी तिला माफ केलं.