चौघींचं पाकीट

तंजावूरच्या राजवाड्यामागे राहणारी, घरी मराठी आणि दुकानात तमिळ बोलणारी विशालाक्षी अकरा वर्षं एकाच रेशमी साड्यांच्या काउंटरवर उभी आहे. उभीच, कारण तिथे स्टूल नाही.

मालक सांबशिव तसा भला माणूस. आवाज कधी चढवत नाही, पगारही फारसा चढवत नाही. त्याऐवजी त्याने बक्षीस काढलं. ज्या काउंटरवर महिनाभर कुणाची रजा नाही, तिथल्या प्रत्येकीला हळदीकुंकवाच्या ताटातून दोन हजारांचं पाकीट. एकीने सुट्टी घेतली की काउंटरवरच्या चौघींचं गेलं. तेव्हापासून मालकाला रजा नाकारावी लागलीच नाही. ते काम बाया आपसांतच करू लागल्या.

आडी महिन्याच्या, म्हणजे आषाढातल्या सेलमध्ये विशालाक्षीची लेक कीर्तना तिरुवैयारूला पहिल्यांदा संगीत सभेत गाणार होती. शनिवारी, सकाळी दहाला. "अम्मा, तू पुढंच बस," असं तिने चारदा बजावलं होतं. विशालाक्षीने मालकाकडे रजा मागितली.

"मी कुठे नको म्हणतो?" तो हसून म्हणाला. "तुमच्या काउंटरवर तेवढं विचारा."

तिने विचारलं. नाही कुणीच म्हटलं नाही. शेजारी उभी असलेली भुवना नुसती साडीची घडी घालत राहिली. तिच्या मुलाची फी त्या पाकिटावर अडली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विशालाक्षीला त्या गप्प बसण्याचा भयंकर राग आला, आणि शनिवारी ती कामावर आली. दहाच्या सुमारास तिने एका नवरीला सतरा साड्या उलगडून दाखवल्या. नवरीने एकही घेतली नाही.

कीर्तना दोन दिवस बोलली नाही. पाकीट आलं, ते तिच्याच गाण्याच्या शिकवणीला गेलं.

पुढचा महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा भुवना जवळ आली. पापनाशमला वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, सोबतीला कुणी नव्हतं.

"अक्का, एकच दिवस."

जा, असं म्हणायलाच विशालाक्षीने तोंड उघडलं. मग तिला कीर्तनाच्या गाण्याच्या बाईंना या महिन्याच्या फीचा दिलेला शब्द आठवला. स्वतःची लाज वाटली, तरी निघायचं ते निघालंच.

"मी कुठे नको म्हणते? बाकी दोघींना तेवढं विचार."

विशालाक्षीने समोरची साडी ओढली आणि घातलेलीच घडी पुन्हा घालू लागली.