फोडणी दिली की विझणारी शेगडी

शांत झाले की लिहीन असं म्हणत होते, पण चार दिवस झाले तरी राग काही जाईना. म्हटलं, मग रागातच लिहावं.

आमच्या अमेरिकेतल्या, नोव्हाय गावच्या घरात लाकडं जाळायची जुनी फायरप्लेस होती. बायपास झाल्यापासून ह्यांना थंडी सोसत नाही. दोन स्वेटर घातले तरी हात गार ते गारच. लाकडं उचलणं आता दोघांच्यानंही होत नाही, म्हणून फायरप्लेसच्या पोटात गॅसचा इन्सर्ट, म्हणजे आत सरकवायची गॅसची शेगडी, बसवून घेतला. काचेमागे ज्योत आणि हातात रिमोट. हे समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता मला इथून उठवू नकोस."

उठवलं ते त्या इन्सर्टनंच. रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी ज्योत मरगळायची, थरथरायची आणि विझायची. हे पांघरूण घेऊन बेडरूममध्ये.

बसवून गेला होता तो टेक्निशियन तीनदा आला. तिन्ही वेळा सकाळी दहाला, आणि तिन्ही वेळा इन्सर्ट शहाण्या मुलासारखा जळत राहिला. मी सांगायचे, हा ह्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचा, "वर्किंग फाइन, सर." तिसऱ्यांदा तर म्हणाला, मॅडम रिमोटचं भलतंच बटण दाबत असतील. मॅडम समोर उभी होती हो! मुलाला फोन केला तर तो म्हणे, "आई, डोन्ट टच इट. लेट डॅड हँडल इट." डॅडनी तीस वर्षं गाड्यांच्या इंजिनांवर काम केलंय ना! डॅडनी मॅन्युअल दोनदा वाचलं आणि रिमोटचे सेल बदलले. झालं.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आमटीला फोडणी दिली. हिंग, मोहरी, चार मिरच्या. चुलीवरचा एक्झॉस्टचा पंखा फुलवर टाकला आणि हॉलमधून हाक आली, "विझली गं!"

मी पंखा बंद केला. "अहो, परत लावा." लागली. पंखा सुरू केला, विझली. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा हे खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "अगं, पण त्याच्यासमोर का नाही विझली?"

का म्हणजे? त्याच्यासमोर मी फोडणी केली असती तर ना! घरी अमेरिकन माणूस यायचा म्हटला की मी सकाळपासून खिडक्या उघडते, मेणबत्ती लावते, कढईला हात लावत नाही. मुलगा तिसरीत असताना त्याच्या मित्रानं आमच्या दारात नाक धरलं होतं, तेव्हापासूनची सवय. चाळीस वर्षं प्लंबर, शेजारी, सगळ्यांपासून वास लपवला, आणि आता त्या वासाबरोबर त्या टेक्निशियनची चूकही मीच लपवत बसले होते. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आला.

चौथ्यांदा तो आला तेव्हा खिडक्या बंद होत्या. म्हटलं, दोन मिनिटं बसा. तव्यावर ठेच्याच्या मिरच्या टाकल्या, पंखा फुल. ज्योत विझली. तो खोकत खोकत एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"तुम्ही नेहमी असाच स्वयंपाक करता?"

"रोज."

त्यानं इन्सर्ट बाहेर ओढला. चिमणीत दोन नळ्या. एकीतून बाहेरची हवा आत यायला हवी, दुसरीतून जळका विषारी वायू वर जायला हवा. हवेची नळी ह्या गृहस्थानं जोडलीच नव्हती! इन्सर्ट घरातली हवा घेत होता, आणि तीच हवा माझा पंखा बाहेर ओढत होता.

"मग तो जळका वायू?" मी विचारलं.

तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "थोडा आत आला असेल. सॉरी, सर."

ह्यांची खुर्ची तिथून चार हातांवर होती. ऑपरेशन झालेला माणूस! माझा आवाज चढला. "सॉरी मला म्हणा. तीनदा सांगत मी होते." म्हणाला. मान खाली घालून नळी जोडली, तासभर तपासणी केली आणि गेला.

संध्याकाळी मुलाचा फोन. "सो, डॅडनी फिक्स केलं?"

फोन ह्यांच्या हातात दिला. हात ऊन होता. आत जाऊन कढई चढवली, मोहरी टाकली, पंखा फुलवर केला.

हॉलमधून हाक आली नाही.