पाण्याची गाडी कुठाय?

माजिवड्याला दुपारच्या खेळाला गेलेलो. परग्रहावरच्या लढाईचा सिनेमा होता. शेजारच्या खुर्चीत साठीतले एक काका ताठ बसलेले, मिशी कातरलेली, बूट चकाचक. पडद्यावर हजारो सैनिक मोकळ्या मैदानात घोळक्याने धावत सुटले, तसे काका कळवळले, "अरे, पसरा की! एका बाँबमध्ये सगळे जाल!" पुढे अवकाशात यान धडाम करून फुटलं. "हवाच नाही तिथं, मग आवाज कसा? आमच्या नातीलाही ठाऊक आहे."

आधी मी वैतागलो. मग पडदा सोडून त्यांच्याकडेच बघायला लागलो. प्रत्येक लढाईत ते मान उंचावून मागच्या बाजूला काहीतरी शोधायचे. मध्यंतरात विचारलं, तेव्हा कळलं की काका फौजेत स्वयंपाकी होते.

"पाण्याची गाडी शोधतोय," ते म्हणाले. "तीन दिवस लढतायत, एकजण घोटभर पाणी प्यायला नाही. ही फौज जिंकेल कशी?"

शेवटची लढाई ऐन रंगात असताना काकांचा फोन थरथरला. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाच वाजता पाण्याचा टँकर येणार होता. काका तडक उठले.

"अहो काका, पृथ्वी वाचते का ते तरी बघा!"

"ती दर सिनेमात वाचते रे. टँकर आज चार दिवसांनी येतोय."

पायऱ्या उतरताना ते फोनवर घरच्यांना बजावत होते, "पिंपं आधी रांगेत लावा. सगळ्यांनी एकदम धावायचं नाही!"

पृथ्वी वाचली. मला मात्र घरी जाईपर्यंत काकांच्या पिंपांचीच काळजी लागलेली.