शक एक, म्हणजे सहाशे तेवीस

साधी तारीख विचारणाऱ्याला दोन हजार वर्षं मागे नेऊन सोडणारा माणूस साऱ्या हिंगणघाटात एकच होता, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. निवृत्त मास्तर. पंच्याहत्तर साली मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा शिक्षण, नोकरी काही न विचारता त्यांनी एकच विचारलं, "शक एक म्हणजे इसवी किती?" मी घाबरत "एकोणऐंशी" म्हणालो आणि लग्न ठरलं. पत्रिकेवर शक, संवत, फसली, हिजरी अशी सालांची इतकी दाटी झाली की नवरदेवाचं नाव खालच्या कोपऱ्यात गेलं. "नाव तं लोकायले माहीतच आहे, जावईबुवा!" भाजी घेतानाही तेच. "वर्ष एकच असते. आपण शकात त्याले एक म्हणतो, मारवाडी संवतात एकशे छत्तीस म्हणते. पोराले घरी बंड्या अन् शाळेत पुरुषोत्तम म्हणते, तसं." भाजीवाली वांगी तोलत राहायची.

हे सगळं मनापासून ऐकणारा एकच दोस्त होता. वडनेरचे निवृत्त पोस्टमास्तर, बौद्ध, दर रविवारी एसटीनं यायचे. एकदा वाचनालयातल्या भाषणात सासरे रंगात येऊन म्हणाले, "शक एक! इथूनच आपला इतिहास सुरू झाला!"

पोस्टमास्तर उभे राहिले. "मास्तर, त्या साली आमच्या बुद्धाले जाऊन सहाशे तेवीस वर्षं झालती. तो काय इतिहासाच्या बाहेर बसला होता?"

लोक हसले. सासरे चिडले. "खाली बसा!"

पोस्टमास्तर बसले नाहीत. सरळ निघून गेले, ते पाच महिने फिरकलेच नाहीत. सासरे रविवारी दारात खुर्ची टाकून बसत. कोणाची वाट बघता विचारलं, तर म्हणत, "हवा खाऊन राह्यलो."

एका रविवारी मात्र मला म्हणाले, "चला वडनेरले."

पोस्टमास्तर अंगणातच होते. सासरे उभ्यानंच म्हणाले, "चुकलं माझं. हिशेबातही, अन् चारचौघांत तुमाले खाली बसा म्हटलं त्यातही."

"मंग आता तुमी बसा," पोस्टमास्तर म्हणाले आणि आत चहा सांगायला गेले.

परतताना एसटीत सासऱ्यांनी खिडकीची जागा धरली.

"माझा चहा बिनसाखरेचा होता," ते अचानक म्हणाले.

"तुम्ही सांगितलं असेल."

"नाई ना. मधुमेह तं मले मागच्या महिन्यात निघाला. त्याले कसं समजलं?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. "बोलत नव्हता, पण माझं विचारत होता म्हणजे."