उजेड पांढराच होता

तुझा नवरा काय काम करतो, असं कुणी विचारलं की मी सांगायची, उजेड पांढरा ठेवायचं. लोक हसायचे. हसा बापडे! तंबूच्या सिनेमात ते मशीनवर होते. कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामधे जाळ उठतो, त्याचा उजेड पडद्यावर. कांड्या फार जवळ आल्या की उजेड पिवळा पडतो, लांब गेल्या की निळसर होऊन फडफडतो. मधलं अंतर हातानंच राखायचं.

ते बरोबर जमलंय का हे ओळखायची त्यांची एक रीत होती. पांढऱ्या फडक्यावर मी त्यांना ठिपके करून दिले होते, हळदीचा, कुंकवाचा आणि निळीचा. खेळाआधी ते फडकं पडद्याला टाचायचं आणि मशीनपाशी उभं राहून बघायचं. घरातल्या चिमणीच्या उजेडात हळदीचा ठिपका धड दिसतच नाही, करून बघा. "हळद हळदीवानी दिसली आन पांढरं पांढरं दिसलं, की उजेड ठीक गो," असं ते म्हणायचे.

आमचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. पाऊस संपला की ते तंबूबरोबर निघायचे ते पुढच्या पावसालाच परत. लग्न त्यांच्याशी, संसार मात्र सासूबाईंशी! अशात एका वर्षी निरोप आला. मुंबईच्या एका थिएटरचा माणूस महाडला येऊन त्यांचं काम बघणार, पसंत पडलं तर कायमची नोकरी आणि राहायला खोली. मी तर मनातल्या मनात चूलसुद्धा मांडून टाकली. खिडकीखाली मांडली होती, अजून आठवते.

जुना पडदा वाऱ्यानं फाटला होता. त्यांनी नवं कापड घरी आणून टाकलं, मी पट्टे जोडून शिवलं आणि चार दिवस माहेरी गेले. आमच्यात कोरं कापड तसंच वापरत नाहीत, कोपऱ्याला हळदीचं बोट लावतात. पांढऱ्याला तर आठवणीनं, कारण कोरं पांढरं कापड कशाला आणतात ते सगळ्यांना ठाऊक. पण एवढ्या मोठ्या कापडाला एवढंसं बोट, ही सासूबाईंना देवाची थट्टा वाटली. त्यांनी तपेलंभर हळदीचं पाणी केलं, अख्खा पडदा त्यात बुचकळून काढला आणि खळ्यात वाळत घातला. उन्हानं वरवरची हळद उडते, धाग्यातली राहते. मी परत आले तेव्हा पडदा पांढराच दिसत होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

महाडला सावित्रीच्या काठी तंबू लागला. सासूबाईंनी लेकाचं काम कधी पाहिलं नव्हतं. हट्टानं आल्या आणि अगदी पडद्याशी जाऊन बसल्या, मी त्यांच्या मागं. दिवेलागणीला मुंबईचा माणूस आला. अंगात कोट, हातात पितळी नळी, नळीत रंगीत काचा. नळीतून पडद्याकडं बघायचं आणि उजेड कुठल्या काचेशी जुळतो ते ठरवायचं. "आमच्याकडे उजेडाचा रंग ठरलेला असतो, त्यात फरक चालत नाही," असं त्यानं आल्याआल्याच सांगितलं.

खेळाआधी पडद्यावर पाणी मारायचे, ओल्या पडद्यावर चित्र उजळ दिसतं. पाणी मारलं, मशीन सुरू झालं, आणि अगं बाई! पाण्यानं धाग्यातली हळद वर आली. सगळा पडदा पातळ वरणासारखा पिवळा!

त्या माणसानं डोळ्याला नळी लावली, काच बदलली, परत लावली. "उजेड पिवळा आहे," तो म्हणाला.

टाचलेलं फडकं मात्र त्या पिवळ्यात पांढरंशुभ्र दिसत होतं. मी पाहिलं, यांनीही पाहिलं. आता बोलतील, मला वाटलं. उजेड ठीक आहे साहेब, कापड पिवळं आहे, एवढंच तर बोलायचं होतं! ते पडद्यापाशी आले. सासूबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, "माज्या हातची हळद हाय ती. बघ कशी खुललीय!"

ते जागच्या जागी थांबले. मग फडकं काढलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चुकलं साहेब."

दुसऱ्या दिवशी नदीवर मी त्यांना चांगलीच फैलावर घेतली. "तोंडाला काय कुलूप लागलं होतं तुमच्या?"

"काय सांगू गो? आयच्या हळदीनं काम गेलं म्हणून? जनमभर सोताला खात बसली असती ती."

"आणि माझं काय?" मी विचारलं.

पुढं बोलपट आले, मुंबईत नवी मशिनं आणि नवी माणसं लागली. हे तंबूबरोबर फिरतच राहिले. "माज्या हळदीनं पोराला मुंबैपासून राखलं," असं सासूबाई वाडीभर सांगायच्या. माझ्या अगदी ओठांवर यायचं. पण त्यांचा फुललेला चेहरा बघितला की मीही गिळून टाकायची. पोराला राखलं म्हणे! त्या गेल्या तेव्हा तो पोरगा तंबूबरोबर लांब कुठंतरी होता.

ते घरी आल्यावर मी म्हटलं, "आता तरी सांगा लोकांना. आता कुणाचं मन मोडायचं राहिलंय?"

मशीनच्या उजेडानं त्यांचे डोळे तोवर कायमचे लाल झाले होते. ते हळूच म्हणाले, "गो, त्या दिशी उजेड पांढराच व्हता ना?"

खोली गेली, चूल गेली, त्यावर मी आयुष्यभर भांडले, पण कधी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. "पांढराच होता हो," मी म्हटलं. "मी फडकं बघितलं होतं."