साडूभाऊंची बिनचूक दुरुस्ती

चूक ही गोष्ट देवानं फक्त इतरांसाठी निर्माण केली आहे, याबद्दल आमच्या साडूभाऊंच्या मनात तिळमात्र शंका नाही. ते शनिशिंगणापूरचे. कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि एकदा उघडलेल्या कॉम्प्युटरला बाजूचं झाकण म्हणून परत लावत नाहीत. "आमच्या घराला दार न्हाई, याला कशाला? लपवायचं काय हाय?" त्यामुळे नेवाशातल्या माझ्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानातला कॉम्प्युटर कायम उघडाबोडका. एकदा आत पाल निघाली, तर वर मलाच म्हणाले, "दिसली तरी! झाकण असतं तर दिसली असती का?"

त्याच कॉम्प्युटरमध्ये त्यांनी जुन्या रॅमशेजारी नवी रॅम बसवली आणि झाली की पंचाईत! एका मुलीसाठी मी तिच्या लग्नाच्या शूटिंगमधून फिल्म करत होतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील गेले होते. रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध. तेव्हा ही फिल्म सगळ्यांना दाखवायची होती. पण फिल्म अर्धी झाली की कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. कधी हळदीतच, कधी मंगलाष्टकांत. पाठवणीपर्यंत गाडी जाईचना, आणि वडील नीट दिसत होते ते पाठवणीतच.

साडूभाऊंनी आधी लाइटला शिव्या घातल्या, मग उन्हाला, मग माझ्या उदबत्तीला. दोन्ही रॅम काढून खोडरबरानं घासल्या. एकेक लावून पाहिली. जुनी एकटी ठीक, नवीही एकटी ठीक, जोडीनं लावल्या की बोंब! मी भीतभीत म्हणालो, "बसवताना काही राहिलं नसेल ना?"

"म्या बसवलेलं? साडूभाऊ, झोपेत बसवलं तरी चुकायचं न्हाई!"

शनिवारी ती मुलगी दुकानात येऊन बसली. साडूभाऊ सेटिंग चाळत होते, ते एकदम स्क्रीनकडे वाकले. नवी रॅम जोरात पळते म्हणून बसवताना त्यांनीच वेग चढवून ठेवला होता आणि एकटी असली की आपल्या चालीनं चालणाऱ्या जुनीला नवीच्या जोडीनं तो झेपत नव्हता. 'नवी रॅमच खराब निघाली' म्हणाले असते, तर आम्हाला काय कळणार होतं? पण ते खुर्ची वळवून तिला म्हणाले, "ताई, चूक माझी हाय. नवीच्या नादात जुनीला पळवली म्या."

त्यांनी वेग उतरवला. फिल्म सलग झाली. शेवटी तिचे वडील गाडीचं दार धरून उभे होते. मुलगी आत बसली, गाडी सुरू झाली, तरी दार काही लावेनात.

"पुन्हा एकदा बघू का?" तिनं संकोचून विचारलं.

साडूभाऊंनी माऊस तिच्याकडे सरकवला. "बघ की. कितींदा बी बघ. आता मधीच बंद पडायचं न्हाई."