ओल्वेनचं बारसं

लग्नाला दीड महिना झाला आणि मितालीचे सासरे हार्ट अटॅकने गेले. दिवसाला वीस सिगरेटी ओढणारा माणूस, पण दोष गेला सुनेच्या पायांना. तेराव्याला जमलेल्या बायकांसमोर सासूबाईंनी, वासंतीबाईंनी, सांगून टाकलं की सून पांढऱ्या पायाची आहे.

हृषिकेशने ते हसण्यावारी नेलं आणि बायकोला घेऊन ऑस्ट्रेलियातलं डार्विन गाठलं. तो गॅस कंपनीत, ती हॉस्पिटलात नर्स. चार वर्षं बरी गेली. मग एका पावसाळी सकाळी शिफ्टला जाताना त्याची गाडी घसरून झाडावर आदळली. मितालीला पाचवा महिना होता. वासंतीबाई फोनवर आधी रडल्या, मग पुन्हा तेच बोलल्या. या वेळी हसण्यावारी न्यायला कुणी नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे मितालीलाही ते खरं वाटू लागलं. पेशंटच्या खोलीत शिरताना तिचे पाय उंबऱ्याशी अडायचे.

वॉर्डात ओल्वेन नावाची नव्वदीची वेल्श म्हातारी होती. तिला भेटायला कुणी येत नसे. एकदा मितालीने सहज नावाचा अर्थ विचारला. म्हातारी म्हणाली, जुनं नाव आहे, आता कोण ठेवतंय. ओल म्हणजे पाऊल, वेन म्हणजे पांढरं, पवित्रसुद्धा. अशी मुलगी चालली की मागे पांढरी फुलं उगवतात, असं तिची आजी सांगायची. मिताली हमसून हमसून रडली. मग तिने सगळं सांगितलं.

"मुलगी झाली तर तिला माझं नाव दे, लव्ह," म्हातारी म्हणाली. "माझ्यामागे ते चालवायला कुणी नाहीये."

आठवड्याने ती गेली, मितालीचा हात हातात धरून. त्या मरणाचा दोष मात्र मितालीने स्वतःकडे घेतला नाही.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून बारसं केलं. आत्या नव्हतीच, म्हणून मितालीनेच वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्याने म्हटलं, ओल्वेन. वासंतीबाई नातीच्या चेहऱ्यात मुलाचं नाक शोधत होत्या. हे कसलं नाव, अर्थ काय, त्यांनी विचारलं.

"पांढऱ्या पायाची," मिताली म्हणाली.

वासंतीबाईंचा चेहरा पडला. "असं नको गं बोलू. माझ्या हृषीची पोर आहे ती."

"मीही हृषीचीच होते, आई."

मितालीने फोन बंद केला नाही. पोरीला मांडीवर घेऊन ती समोर बसून राहिली.